आमच्या पोरांच्या तोंडाला कुलूप कोणी घातले?



आपल्या वाडवडिलांस शाळेचा उंबरठा ओलांडावयास मिळाला नाही. आज गावोगाव शाळा आहे, पोर पटावर आहे, पुस्तके फुकट आहेत, दुपारी खिचडीही शिजते. हे मिळवून देण्यासाठी ज्यांनी शेणगोटे खाल्ले, घरदार सोडले, त्यांचे उपकार कोण विसरेल? परंतु एक गोष्ट अद्याप आपल्या पदरात पडलेली नाही, आणि तिच्यावाचून बाकीचे सारे मिळूनही न मिळाल्यासारखेच आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. ती गोष्ट म्हणजे शाळेत तोंड उघडण्याचा हक्क.

आपले पोर शाळेत जाते ते ऐकावयास. सांगणार ते गुरुजी, विचारणार ते गुरुजी, उत्तर बरोबर की चूक हे ठरविणारेही गुरुजीच. पोराने करावयाचे काय? हाताची घडी, तोंडावर बोट! समजले का, असे विचारले म्हणजे साऱ्या वर्गाने एका सुरात 'हो सर' म्हणावयाचे. ज्याला काही समजले नाही तोच अधिक मोठ्याने 'हो सर' म्हणतो. कारण समजले नाही असे सांगण्याची किंमत त्याला ठाऊक असते. आम्ही खेड्यातल्या शाळेत वीस वर्षांहून अधिक काळ खडू झिजविला आहे. ह्या 'हो सर'च्या पोटात काय दडलेले असते ते आम्ही रोज पाहतो.

'असर' नावाची एक पाहणी दर एकदोन वर्षांनी देशातील खेड्यापाड्यांत होते. २०२४ च्या पाहणीत पाचवीतल्या दर १०० मुलांपैकी सुमारे ४९ मुलांनाच दुसरीच्या पुस्तकातला धडा वाचता आला. मग राहिलेली ५१ मुले चार वर्षे वर्गात बसून काय करीत होती? ती गैरहजर नव्हती, मुकी नव्हती, ठोंब तर नव्हतीच. गाय व्याली तर रात्री वासरू ओढून काढणारी, बाजारात मेथीच्या जुड्यांचा हिशेब तोंडी करणारी ही मुले! चार वर्षांत त्यांनी हजार वेळा 'हो सर' म्हटले असेल. मला येथून पुढे कळत नाही, असे एकदाही म्हणावयास त्यांस कोणी जागा दिली नाही. रोग सांगण्याची बंदी असलेल्या रोग्याला औषध कोठून लागू पडणार?

वाचकहो, ही मुकी शाळा आपल्या चळवळीने मागितली होती काय? मागे वळून पाहा. पुण्यात जोतीराव फुले व सावित्रीबाई यांनी १८४८ पासून शाळा काढल्या, मुलींच्या काढल्या, पुढे महार-मांगांच्या मुलांसाठी काढल्या. त्या शाळेचा गुण कशावरून ओळखावा? परीक्षेच्या टक्क्यांवरून नव्हे. त्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे नावाच्या चौदा वर्षांच्या मांगाच्या मुलीने आपल्या जातभाईंच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो १८५५ साली 'ज्ञानोदय' पत्रात छापून आला. वेद जर केवळ ब्राह्मणांचे, तर आमचा धर्म कोणता, असा रोकडा सवाल त्या मुलीने केला. आमच्या बायका उघड्यावर बाळंत होतात, त्यांच्या डोक्यावर छप्पर नसते, हे तिने शहाण्यासुरत्या पुण्याला ऐकविले. ही शाळेची कमाई! शिकविणाराने पाठ करवून घेतलेली कविता म्हणून दाखविणे सोपे आहे; आपल्या घरचे दुःख आपल्या शब्दांत मांडून जगाला जाब विचारणे, हे शिक्षण. पावणेदोनशे वर्षांपूर्वी एका मांगाच्या मुलीला जे करू दिले, ते आज आपल्या गावच्या शाळेत किती मुलींस करू दिले जाते?

त्याच जोतीरावांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे निवेदन दिले. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातले नेमा, त्यांस नांगराची मूठ वा सुताराचे हत्यार हाती धरण्याची लाज वाटता कामा नये, आणि शिकविण्यात शेतीची तोंडओळख असावी, असे त्यांनी मागितले. ही मागणी केवळ नोकऱ्यांची नव्हती. शेतकऱ्याच्या पोराला काय हवे, त्याला कोठे अडते, हे त्याच्यात मिसळणाराला कळेल, असा त्यांचा रोख होता. म्हणजे पोराचे ऐकून घेणारा गुरू त्यांस हवा होता. पुढे शाहू छत्रपतींनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. आज खेड्यातल्या शाळांत मराठे, माळी, धनगर, तेली, महार, मांग, रामोशी, आदिवासी अशा घरांतून आलेले हजारो शिक्षक उभे आहेत. जोतीरावांची ती मागणी बव्हंशी पुरी झाली.

आणि तरीही वर्ग मुकाच! असे का?

कारण खुर्चीवरचा माणूस बदलला, खुर्ची तीच राहिली. शूद्राने ऐकावे, पण विचारू नये, आणि अतिशूद्राने तर ऐकूही नये, हा जुन्या भिक्षुकशाहीचा दंडक होता. साताऱ्याच्या शाळेत भीमराव आंबेडकर नावाच्या हुशार पोराला घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे, हा त्या दंडकाचाच प्रताप. तो दंडक आज कायद्याने मेला आहे. पण त्याची वृत्ती आमच्या काही व्यवसायबंधूंच्या अंगात शिरून बसली आहे. जुन्या पंतोजीचे पागोटे गेले, पण त्याचा दरारा आपल्याच कुणब्याच्या लेकाने वारसाहक्काने घेतला. आमचा राग कोणा एका जातीवर नाही. पोराला गप्प करणारा कोणत्याही जातीचा असो, तो त्या जुन्या भटशाहीचाच कारभारी, असे आम्ही म्हणतो.

ह्या गप्प बसण्याचा तोटा कोणाला आणि फायदा कोणाला, हा हिशेब नीट मांडला पाहिजे. शाळेत दहा वर्षे गप्प बसावयास शिकलेले पोर मोठे झाल्यावर एकाएकी बोलके होत नसते. ते बाजार समितीत कांद्याची गाडी घेऊन जाते. वजनात घट धरली जाते, हमाली-तोलाई कापली जाते, पट्टीवर आकडे पडतात. ते का, असे विचारण्यास त्याची जीभ उचलत नाही. ते तहसील कचेरीत सात-बाऱ्यावरची चूक दुरुस्त करावयास जाते. साहेब उद्या या म्हणतात, ते उद्या जाते. ते ग्रामसभेत जाते. ठराव आधीच लिहून ठेवलेला असतो, ते सही करते. ते दवाखान्यात जाते. सुई कसली टोचली हे विचारीत नाही. 'हो सर' हा मंत्र वर्गात पाठ झाला, तो स्मशानापर्यंत पुरतो. आडत्याला, पुढाऱ्याला, कचेरीतल्या बाबूला ह्याहून सोयीचा माणूस कोठे मिळेल? पोराचा पहिला सवाल ज्या दिवशी वर्गात दाबला जातो, त्या दिवशी त्याच्या पुढच्या सगळ्या सवालांची किंमत कोणीतरी आपल्या खिशात घालतो.

आता वरच्या अंमलदारांचा कारभार पाहा. २०२४-२५ साली 'एक राज्य एक गणवेश' निघाला. कापड एका जागी खरेदी झाले, शिलाई ठरवून दिली गेली आणि राज्यभरच्या पोरांना कपडे वाटले. परिणाम काय? कित्येक ठिकाणी कपडे वेळेवर आले नाहीत. आले ते कोणाला ढगळ, कोणाला आखूड. गावच्या शिंप्याचे काम गेले ते वेगळेच. ओरड झाली आणि डिसेंबर २०२४ मध्ये गणवेशाचे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे देण्याचे ठरले. आमच्या गावच्या कोणत्याही शिंप्याला विचारा, तो सांगेल की अंगाला फीत लावल्यावाचून कात्री चालवू नये. सदऱ्याची ही कथा, तर शिक्षणाची काय सांगावी! अभ्यासक्रम वरून शिवून येतो, वेळापत्रक वरून येते, परीक्षा वरून येते. माप मात्र कोणीच घेत नाही.

२०२५ साली पहिलीपासून तिसरी भाषा हिंदी लावावयाची की नाही यावर केवढे रण माजले! १६ एप्रिलला एक शासननिर्णय, १७ जूनला दुसरा, आणि २९ जूनला दोन्ही मागे. पुढारी बोलले, साहित्यिक बोलले, वर्तमानपत्रे बोलली. बोलले ते योग्यच. परंतु सहा वर्षांचे पोर पहिलीत येते तेव्हा घरची अहिराणी, गोंडी, भिली वा पारधी बोली घेऊन येते आणि पुस्तकातली मराठीच त्याला परकी वाटते, हे कोणी विचारात घेतले? तिसऱ्या भाषेचा वाद घालणारांपैकी कितीजणांनी त्या पोराच्या पहिल्या भाषेची चौकशी केली?

येथेच पोराच्या तोंडाला पहिले कुलूप लागते. ते 'पानी' म्हणते, गुरुजी 'पाणी' म्हणावयास लावतात आणि वर्ग हसतो. ते 'आमास्नी' म्हणते, वर्ग पुन्हा हसतो. तिसऱ्या खेपेस ते बोलतच नाही. प्रमाण भाषा शिकवू नये असे आम्ही म्हणत नाही. ती अवश्य शिकवावी. कचेरीचे, कोर्टाचे, पुस्तकाचे दार तिनेच उघडते. पण आईच्या जिभेची टर उडवून शिकविलेली भाषा पोराच्या कामी येत नाही, उलट तेवढी जीभ कायमची चिकटते. आधी त्याला त्याच्या बोलीत मनसोक्त बोलू द्या, मग 'ह्यालाच पुस्तकात असे म्हणतात' हे दाखवा. बोलत्या पोराला नवी भाषा येते. मुक्या पोराला कोणतीच येत नाही.

पोराचे ऐकून शिकवावे, म्हणजे नेमके काय करावे, असे कोणी विचारील. त्यात जादू नाही. अपूर्णांकाचे गणित घ्या. फळ्यावर एकावर आठ लिहिले की अर्धा वर्ग झोपतो. त्याच वर्गात सुताराचे पोर बसलेले असते. एका इंचात आठ सूत असतात, आणि तीन सूत म्हणजे इंचाचे आठ भागांपैकी तीन भाग, हे त्याने बापाच्या हाताखाली कधीच जाणलेले असते. त्याला पुढे बोलवा, फुटपट्टी हाती द्या आणि त्यालाच वर्गाला समजावू द्या. क्षेत्रफळ शिकवावयाचे आहे? मुलांस शिवारात न्या. ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद तुकडा दोरीने आखू द्या. तो १,०८९ चौरस फुटांचा एक गुंठा झाला. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर, ४३,५६० चौरस फूट. मग ज्याच्या बापाची जमीन कालव्यात वा रस्त्यात गेली आहे ते पोर आपण होऊन विचारील, की आमचे किती गुंठे गेले आणि पैसे किती गुंठ्यांचे मिळाले? ह्या सवालाला घाबरू नका. हाच खरा धडा. दूध डेअरीची पावती, उसाच्या वजनाची चिठ्ठी, विजेचे बिल ही मुलांनी घरून आणलेली पुस्तके आहेत. ती वर्गात उघडू द्या. धडा शिकवून झाला की पोरांस विचारा: कोठे अडले, कोणते उदाहरण कळले नाही, उद्या हेच दुसऱ्या रीतीने कसे घेऊ? त्यांनी सांगितलेले लिहून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी त्याप्रमाणे बदल करा. गुरुजींस विषय ठाऊक असतो. आपण कोठे अडलो हे फक्त पोरालाच ठाऊक असते. दोघांची माहिती एकत्र आल्यावाचून शिकणे होत नाही. भागीदारी म्हणतात ती हीच. ती पोराला गादीवर बसविणे नव्हे.

यावर आमचे काही बंधू तीन आक्षेप घेतात. त्यांचा समाचार घेतला पाहिजे.

पहिला आक्षेप, पोरे डोक्यावर बसतील. ज्यांस ही धास्ती वाटते त्यांनी भाऊरावांच्या बोर्डिंगचा इतिहास पाहावा. १९२४ साली साताऱ्यात निघालेल्या त्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंगतीत जेवत, स्वयंपाक आपला आपण करीत, शेतात राबत आणि शिकत. घराचा कारभार मुलांच्या हाती होता म्हणून तेथे बेबंदशाही माजली काय? उलट त्यातून रयतेची शाळा चालविणारी माणसे निपजली. ज्याला जबाबदारी मिळते तो शिस्त पाळतो. ज्याला केवळ हुकूम मिळतो तो हुकूम करणाराची पाठ फिरण्याची वाट पाहतो. छडीची शिस्त ही गुरुजी वर्गात असेतोवरची.

दुसरा आक्षेप, पोरांच्या शंका ऐकत बसलो तर अभ्यासक्रम पुरा कधी होणार? आम्ही उलट विचारतो, आज तो पुरा होतो म्हणजे काय होते? पुस्तक गुरुजींचे संपते, पोराचे नव्हे. पेरणी उरकावयाची म्हणून बी तसेच फेकीत गेलेला कुणबी सगळ्यांच्या आधी घरी येतो खरा, पण उगवते किती?

तिसरा आक्षेप, लहान पोराला काय कळते? हा आक्षेप ऐकला की आमचे रक्त उसळते. बायकांस काय कळते, शूद्रांस काय कळते, अडाण्यास मताचा हक्क कशाला, असेच आजवर म्हटले गेले. ज्याला काही कळत नाही असे ठरवावयाचे, त्याला विचारावयाचे नाही. आणि न विचारल्याने तो बोलला नाही, की पाहा, त्याला काही कळत नाही म्हणावयाचे! नाशिक जिल्ह्यात इगतपुरी तालुक्यात दरेवाडी आहे. २०२२ च्या ऑक्टोबरात तेथली पोरे शाळा बंद झाल्याच्या निषेधार्थ शेळ्या हाकीत जिल्हा परिषदेवर गेली आणि म्हणाली, दप्तरे परत घ्या, आम्हांस शेळ्या द्या, आम्ही त्याच राखतो. शाळा बंद करण्याचा अर्थ काय होतो, हे ह्या पोरांइतके नेमके कोणत्या विद्वानाने सांगितले? पुढे २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या सुमारे १५ हजार शाळांच्या ठिकाणी समूह शाळा करण्याचा विचार सरकारने मांडला. वाड्यापाड्यांवरच्या ज्या पोरांना ओढे ओलांडून लांब जावे लागेल त्यांचे मत त्या कागदात कोठे होते?

कायदा काय सांगतो तेही वाचकांनी ध्यानात ठेवावे. मुलांचे मत ऐकून घेतले पाहिजे असे सांगणारा बालहक्कांचा जागतिक करारनामा १९८९ साली झाला आणि भारताने तो १९९२ साली मान्य केला. शिक्षणहक्काचा कायदा २००९ साली झाला, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १७ ने मारणे व मानसिक छळ करणे ह्यांस बंदी केली. कलम २९ म्हणते की मुलाला भीती व दडपण ह्यांपासून मोकळे करावे आणि त्याला आपले मत मोकळेपणी मांडण्यास साहाय्य करावे. कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया हव्यात. महाराष्ट्राच्या २०१० सालच्या शासननिर्णयाने तीत दोन विद्यार्थी घेण्याची सोय केली, त्यांत एक तरी मुलगी. कागदावर कशाचीही वाण नाही!

पण गावात काय दिसते? समितीचे इतिवृत्त घरपोच सहीला जाते. विद्यार्थी सभासदाचे नाव वहीत असते, ते त्या पोरालाच माहीत नसते. शाळेत मंत्रिमंडळ निवडतात. स्वच्छतामंत्र्याने झाडू मारावयाचा, पाणीमंत्र्याने टाकी भरावयाची आणि मुख्यमंत्र्याने पाहुण्यास गुच्छ द्यावयाचा. मुलींच्या संडासाला पाणी का नाही, असे त्या मंत्रिमंडळाने कधी विचारले काय? विचारले तर त्याला उत्तर मिळाले काय? फरशीवर अंकांची चित्रे रंगविली, भिंती बोलक्या केल्या, त्यांचे फोटो वर पाठविले. भिंती बोलू लागल्या, पोरे गप्पच. ऊसतोडीला आईबापाबरोबर जाणारे पोर सहा महिन्यांनी परत येते, तेव्हा वर्ग कोठल्या कोठे गेलेला असतो. तू कोणत्या धड्याला गेलास, मधल्या काळात काय पाहिलेस, असे त्याला कोण विचारतो? तयारी नसता ते शेवटच्या ओळीत बसते आणि पुढल्या वर्षी येतच नाही.

शिक्षकबंधूंच्या बाजूचेही बोलले पाहिजे, नाहीतर आमच्यावर पक्षपाताचा दोष येईल. शिक्षक आज माहिती भरतो, फोटो चढवितो, मतदारयाद्या तपासतो, सर्वेक्षणे करतो. त्याला कोणीही काही विचारीत नाही. अध्यापक विद्यालयात आम्हांस पाठाचे टाचण कसे काढावे हे पुरेपूर शिकविले गेले. पोराचे ऐकून कसे घ्यावे ह्याचा मात्र एकही तास नव्हता. हे सारे खरे. पण बंधूंनो, वरचा आपले ऐकत नाही म्हणून आपण खालच्याचे ऐकू नये, हा न्याय सासुरवासाचा झाला. साहेबापुढे आपल्या हक्काचे बोलावयाचे असेल, तर आपल्यापुढच्या चाळीस पोरांचा हक्क आधी मानला पाहिजे. उद्या शाळेवर कुऱ्हाड आली तर तिच्यासाठी बोलणार कोण? ज्यांस आपण बोलावयास शिकविले तीच पोरे.

आणि मायबापहो, आपणही आपला वाटा उचला. पोराने घरी सवाल केला तर 'उलट बोलू नकोस' म्हणून त्याला दटावू नका. शाळेत जाऊन 'गुरुजी, हाडे आमची, कातडे तुमचे' हे जे आपण मोठ्या भक्तीने सांगतो, ते बंद करा. पोर खाटकाला विकलेले नाही. कर्ज काढून, दागिने मोडून पोराला तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घालणारांनीही विचार करावा. पोराला टाय मिळाला, बूट मिळाले. पण इंग्रजी येत नाही आणि मराठी बोलाल तर दंड, अशा कोंडीत ते पोर गावच्या शाळेहून अधिक मुके झाले असेल, तर पैसे भरून आपण काय विकत घेतले?

करावयाचे ते थोडके आहे, आणि त्याला सरकारी अनुदान लागत नाही. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीस स्वतः जा, विशेषतः मायबहिणींनी जावे. कायद्याने निम्म्या जागा तुमच्या आहेत. दोन विद्यार्थी सभासद बैठकीत हजर आहेत ना, ते पाहा; आधी त्यांचे बोलणे ऐका, मगच बाकीचे कामकाज चालवा. महिन्यातून एक दिवस पोरांची सभा भरवा; तीत पोरांनी मांडलेल्या प्रत्येक गाऱ्हाण्याचे उत्तर पुढल्या सभेत मिळालेच पाहिजे, मग ते 'जमत नाही' असे का असेना, पण कारणासह. पोर घरी आले की आज गुरुजींनी काय विचारले, एवढेच विचारू नका. आज तू गुरुजींस काय विचारलेस, हेही विचारा. ज्या गुरुजींस पोरे निर्भयपणे विचारतात त्यांचा गावाने मान करावा. जे मारतात वा टर उडवितात त्यांस गावाने चावडीवर सभ्यपणे पण स्पष्टपणे जाब विचारावा.

नांगर धरणारा, ऐरण ठोकणारा, चाक फिरविणारा माणूस ह्या देशात अन्न आणि वस्तू निर्माण करीत आला, पण त्यांचा भाव ठरविताना त्याला कोणी विचारले नाही. त्याच्या पोराला तरी विचारले जाण्याची आणि विचारण्याची सवय लागू द्या. येत्या सोमवारी शाळा भरेल. परिपाठ संपल्यावर कोणी एक पोर हात वर करील. त्याचा हात खाली करावयाचा की त्याचे म्हणणे ऐकावयाचे, ह्याचा निकाल गुरुजींनी आणि गावाने मिळून लावावयाचा आहे.